दारापर्यंत येणारी तार कोणाच्या मालकीची असावी?

पनवेल तालुक्यांतील आमच्या पुष्कळ सभासदांच्या घरीं आज विजेचे दोन मीटर आहेत. एक खांदा कॉलनी, नवीन पनवेल किंवा कळंबोली येथील इमारतींत, आणि दुसरा गांवच्या शेतावर पंपाच्या खोपींत. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठीं ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें, आणि जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें वसाहती उठल्या. पुढें साडेबारा टक्के योजनेचे भूखंड कांहीं जणांस मिळाले व त्यांवर इमारती झाल्या. अशा रीतीनें एकाच कुटुंबाचा एक पाय वसाहतींत व दुसरा शिवारांत राहिला. ह्या दोन मीटरांच्या धन्यासच आज आम्हांस चार शब्द सांगावयाचे आहेत. कारण विजेच्या बाबतींत त्याजवर निवड करण्याचा प्रसंग केव्हांही येऊं शकतो. ती निवड तो एका मीटरापुरती करील, परंतु तिचा परिणाम दुसऱ्या मीटरावर झाल्यावांचून राहणार नाहीं.

निवडीचा हा प्रसंग आम्ही कल्पनेनें उभा केलेला नाहीं. २००३ च्या वीज कायद्याच्या चौदाव्या कलमानें एकाच टापूंत, आपापल्या निराळ्या तारांनीं, दोन किंवा अधिक परवानेदारांस वीज विकण्याची मोकळीक दिली आहे. तिचा आधार घेऊन २०२२ सालीं अदानी समूहाच्या एका कंपनीनें भांडुप, मुलुंड, ठाणें, नवी मुंबई, पनवेल, तळोजें व उरण या भागांसाठीं समांतर परवाना मिळावा म्हणून राज्याच्या वीज नियामक आयोगाकडे अर्ज केला. त्याविरुद्ध ता. ४ जानेवारी १९२३ नव्हे, २०२३ रोजीं राज्यभरच्या वीज कामगारांनीं संप पुकारला. शंभर वर्षांच्या अंतराचा हा उल्लेख आम्ही मुद्दाम केला आहे, कारण १९२३ सालींही सह्याद्रीच्या दुसऱ्या अंगास विजेच्या मालकीवरूनच शेतकरी सत्याग्रह करीत होते. त्याकडे आम्ही पुढें वळूं. २०२३ चा संप सरकारच्या आश्वासनानंतर त्याच दिवशीं मिटला. तथापि कायद्यांतील हें दार उघडें आहे तोंवर असे अर्ज पुन्हां पुन्हां येणार. कोणी देशी कंपनी येईल, कोणी परदेशी भांडवलाची येईल, आणि प्रत्येक जण आमच्या दारांत स्वस्त बिलाचें आमिष घेऊनच उभा राहील.

आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकतों. जेथें निवड करतां येईल तेथें शेतकऱ्यानें आपल्या माणसांच्या ताब्यांतील, आपल्यास जबाबदार असलेल्या वीजसंस्थेसच धरून राहावें. दोन पैसे स्वस्त मिळतात एवढ्यावरून परक्या मालकाची तार घरांत घेऊं नये. हें मत केवळ स्वदेशाभिमानानें आम्ही मांडीत नाहीं. बाजारांत बैल घेतांना शेतकरी जसे दांत पाहतो, चालवून पाहतो व मगच रुपये मोजतो, तशीच पारख करून आम्ही या निर्णयास आलों आहों.

परक्या मालकीचा हिशेब महाराष्ट्रानें एकदां चुकता केलेला आहे. जून १९९२ मध्यें एन्रॉन या अमेरिकन कंपनीशीं राज्यानें गुहागर तालुक्यांतील दाभोळ वीजप्रकल्पाविषयीं प्राथमिक करार केला, आणि डिसेंबर १९९३ मध्यें वीजखरेदीचा करार झाला. प्रकल्पाच्या कंपनींत एन्रॉनचे ८० टक्के, आणि जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचे प्रत्येकीं १० टक्के भाग होते. म्हणजे सारे भागीदार अमेरिकन. इंधन परदेशांतून यावयाचें, किंमत डॉलरशीं बांधलेली, आणि आपण वीज घेवो वा न घेवो, प्रकल्पाच्या क्षमतेचा आकार वीज मंडळानें भरलाच पाहिजे अशी अट. वीज मंडळानें पैसे न दिल्यास राज्य सरकारची हमी, आणि तिजवर पुन्हां केंद्र सरकारची हमी. तंटा झाल्यास निवाडा लंडनमधील लवादापुढें. खुद्द जागतिक बँकेनें १९९३ सालीं या प्रकल्पास पैसा पुरविण्याचें नाकारलें होतें. १९९५ सालीं नव्या सरकारनें करार रद्द केला व पुढच्या वर्षीं फेरवाटाघाटी करून तो पुन्हां स्वीकारला.

१९९९ च्या मे महिन्यांत ७४० मेगॅवॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. इंधनाची किंमत चढली, रुपया उतरला, आणि ती वीज मंडळास इतर कोणत्याही विजेपेक्षां कितीतरी महाग पडूं लागली. २००१ च्या मे महिन्यांत मंडळानें खरेदी थांबविली. डिसेंबरांत एन्रॉनचेंच दिवाळें निघालें. यंत्रें सुमारें पांच वर्षें स्वस्थ पडून राहिलीं. अखेर २००५ सालीं रत्नागिरी गॅस व वीज कंपनी स्थापून देशांतील सरकारी संस्थांनींच तें ओझें आपल्या खांद्यावर घेतलें. ज्या भारतीय बँकांनीं प्रकल्पास कर्जें दिलीं होतीं त्यांचे पैसे अडकले. या बँकांत ठेवी कोणाच्या होत्या, व वीज मंडळाच्या तोट्याचा भार कोणाच्या बिलावर चढला, हें शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं.

या प्रकरणावरून परदेशी तेवढे सारे लबाड असा सिद्धांत आम्ही काढीत नाहीं. आपल्या बाजूनें सह्या करणारे आपलेच होते. बोध निराळा आहे. नफा झाला असता तर तो समुद्रापार गेला असता. तोटा झाला तो मात्र येथेंच राहिला. ज्या मालकास आपलें घर, आपलें शेत व आपली पेठ सोडून जातां येतें, तो अडचणीच्या दिवशीं सोडून जातो. ज्यास जातां येत नाहीं त्यासच आपल्या सुखदुःखाचा विचार करणें भाग पडतें.

येथें कोणी म्हणेल, मग देशी मालक असला कीं झालें. आम्हांस हेंही मान्य नाहीं. आमच्या शेजारचेंच उदाहरण घ्या. लोणावळें, वळवण व शिरवतें येथील तलावांचें पाणी घाटाखालीं आणून त्यावर खोपोली येथें टाटांनीं वीज काढली. १९११ सालीं कामाची पायाभरणी झाली व १९१५ सालीं वीज सुरू झाली. हिंदी संस्थानिक व व्यापारी यांच्या भांडवलावर एवढें मोठें काम उभें राहिलें, याचा अभिमान त्या काळच्या सर्व देशाभिमान्यांस वाटला आणि तो रास्तही होता. खोपोलीच्या यंत्रांतून सुटलेलें पाणी पाताळगंगेंत येतें, म्हणूनच ती नदी उन्हाळ्यांतही वाहते. परंतु वीज गेली ती मुंबईच्या गिरण्यांकडे. घाटाखालच्या खेड्यांत दिवा लागावयास पुढें कित्येक दशकें जावीं लागलीं.

त्याहून कडू अनुभव मुळशीचा. तेथील धरणासाठीं मावळांतील पन्नासांच्या आसपास गांवांचीं भातशेतें पाण्याखालीं जाणार असें ठरलें, तेव्हां १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. १९२३ सालीं चालूं असलेला म्हणून आम्ही वर ज्याचा निर्देश केला तो हाच. धरण झालें, १९२७ सालीं भिरें येथील वीज सुरू झाली, आणि मावळे विस्थापित झाले. मालक स्वदेशी होता. तरी बुडालेल्या शेताच्या धन्यास त्या कारभारांत एका शब्दाचाही अधिकार नव्हता.

शिवाय आजच्या काळीं कंपनीच्या पाटीवरचें नांव पाहून मालक ओळखतां येत नाहीं. मुंबईच्या उपनगरांस वीज देणाऱ्या अदानी कंपनीचे २५.१ टक्के भाग २०२० सालीं कतार देशाच्या सरकारी गुंतवणूक संस्थेनें घेतले. यांत बेकायदेशीर असें कांहींच नाहीं. कंपनी आपले भाग विकूं शकते. परंतु जी वस्तु विकली जाऊं शकते ती आज देशी असली तरी उद्यां तशीच राहील, याची हमी कोण देणार?

म्हणून नांवापेक्षां तीन कसोट्या लावाव्या असें आम्ही सुचवितों. पहिली, तक्रार झाल्यास जाब विचारण्याची जागा आपल्या आवांक्यांत आहे काय? दुसरी, नफा कोणाकडे जातो, आणि तोटा आल्यास तो कोण सोसतो? तिसरी, ज्या गिऱ्हाइकापासून फायदा नाहीं त्याच्या दारीं तार नेली जाते काय? या तीन कसोट्या लावल्या म्हणजे दोन मीटरांच्या धन्यास आपलें हित कोठें आहे हें सहज दिसेल.

तिसरी कसोटी शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची. महावितरणचे दर आयोग ठरवितो. त्यांत कारखाने, दुकानें व अधिक वीज वापरणारीं घरें यांजकडून खर्चाहून अधिक दर घेतला जातो, व शेतीच्या पंपास कमी दरानें वीज दिली जाते. यास कोणी भीक म्हणोत. आम्ही तिला गांवकी म्हणतों. आतां नवी कंपनी कोणत्या भागासाठीं परवाना मागते तें पाहा. पनवेल महापालिका, तळोजांची औद्योगिक वसाहत, नवी मुंबई. जेथें तार थोडी, गिऱ्हाईक दाट व बिल मोठें तेथें. जव्हारच्या पाड्यांसाठीं किंवा मेळघाटांतील गांवांसाठीं समांतर परवाना मागणारा आमच्या पाहण्यांत नाहीं. खांदा कॉलनींतील मीटर, त्याखालचें दुकान व तळोजांचा कारखाना महावितरणापासून निघून गेले, तर पंपाचा भार वांटून घेणारे खांदे तितके कमी होतात. उरलेला भार कोणावर पडेल? अर्थात् उरलेल्या गिऱ्हाइकांवर, आणि त्यांत तुमचाच दुसरा मीटर आहे.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस सध्यां बिल नाहीं, मग आम्हांस काय त्याचें, असें म्हणण्याचा मोह होईल. परंतु २०२४ सालीं सुरू झालेली ही मोफत विजेची योजना मार्च २०२९ पर्यंतची आहे, व तोंवरही महावितरणास ते पैसे राज्याच्या तिजोरींतूनच द्यावे लागतात. श्रीमंत गिऱ्हाइकें निघून गेलेली संस्था जितकी दुबळी होईल, तितका तिजोरीवरचा बोजा वाढेल, आणि बोजा वाढला कीं मोफत या शब्दाचें आयुष्य खुंटेल.

दुसरा अनुभव चक्रीवादळाचा. ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें रायगड जिल्हा झोडपला, हजारों खांब आडवे झाले. कित्येक गांवें दिवसेंदिवस अंधारांत राहिलीं हें खरें. पण दुसऱ्या जिल्ह्यांतून माणसें आणून खांब उभे करणारी संस्था राज्यभर पसरलेली महावितरणच होती. एका शहरापुरती तार टाकणाऱ्या कंपनीस असें मनुष्यबळ आणावयाचें झाल्यास कोठून आणणार?

आतां विरुद्ध बाजूचें म्हणणेंही प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. महावितरणचा कारभार निर्दोष आहे असें आमच्या वाचकांपैकीं एकही म्हणणार नाहीं. जळालेलें रोहित्र वेळेवर न बदलणें, पंपास रात्रींची वीज देणें, मीटर न पाहतां अंदाजानें बिल धाडणें, या तक्रारी जुन्या व खऱ्या आहेत. शिवाय भिवंडीचें उदाहरण आहे. तेथें २००७ सालीं वीजवांटपाचा मक्ता टोरेंट या अहमदाबादच्या कंपनीस दिला गेला, आणि पूर्वीं जी विजेची गळती व चोरी बेसुमार होती ती पुष्कळ कमी झाली. खाजगी व्यवस्थेंत शिस्त असूं शकते हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण ही शिस्त सरकारी किंवा सहकारी संस्थेस वर्ज्य आहे काय? घरची गाय दूध कमी देते म्हणून तिच्या वैरणीकडे लक्ष द्यावयाचें, कीं ती कसायास देऊन रोज दूध विकत आणावयाचें, एवढाच प्रश्न आहे.

वैरणीकडे लक्ष न दिल्यास काय होतें हेंही सांगितलें पाहिजे, कारण येथें दोष आपल्याकडे येतो. अमेरिकेंत १९३५ च्या सुमारास दहा शेतांपैकीं एकावरच वीज होती. खाजगी कंपन्यांस दूरच्या शेतावर तार नेणें परवडत नसे. तेव्हां सरकारनें कर्जें दिलीं, शेतकऱ्यांनीं सहकारी वीजसंस्था काढल्या, आणि त्यांतील पुष्कळ आजही चालल्या आहेत. त्याच धर्तीवर अहमदनगर जिल्ह्यांत १९७० च्या सुमारास श्रीरामपूर येथें मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था उभी राहिली. वीज मंडळाकडून घाऊक वीज घ्यावयाची व आपल्या सभासद गांवांस वांटावयाची. शेतकरी स्वतःच गिऱ्हाईक आणि स्वतःच मालक. याहून अधिक स्थानिक मालकी ती कोणती असावी?

परंतु घाऊक विजेच्या दराविषयीं मंडळाशीं तंटे वाढले, सभासदांकडून वसुली मागें पडली, थकबाकीवर थकबाकी साठली. ता. ३१ जानेवारी २०११ रोजीं संस्थेचा परवाना संपला व तिचें क्षेत्र महावितरणकडे गेलें. ती संस्था कोणा परक्यानें गिळली नाहीं. दराचा तंटा कोणाच्याही बाजूनें सुटता, तरी मालकांनींच आपल्या संस्थेचें देणें तटविल्यावर ती तगावी कशी? धन्यानें स्वतःच्या कोठारांतील धान्य उसनें म्हणून नेलें आणि परत घातलें नाहीं, तर पेरणीच्या वेळीं बियाणें कोठून येणार? आपल्या मालकीची संस्था हवी असें म्हणणाऱ्यानें तिचें बिल आधीं भरलें पाहिजे. तें न करतां स्वदेशीच्या गोष्टी बोलणें हें ढोंग होय.

तेव्हां आमच्या सभासदांनीं करावें तें असें. वसाहतींतील बिल वेळेवर भरावें, आणि शेतावरील पंपाचा जोडभार खरा तोच नोंदवावा. चुकीचें बिल आलें तर लेखी तक्रार करून तिची पोंच घ्यावी, व तेवढ्यानें न भागल्यास ग्राहक गाऱ्हाणें मंचाकडे जावें. आयोग दर ठरवितांना जाहीर सुनावणी घेतो व कोणाही ग्राहकाचा आक्षेप ऐकतो. तेथें कारखानदारांचे वकील नेमानें हजर असतात; शेतकरी मात्र विरळा दिसतो. आमच्या संघानें दर वेळीं दोन जाणते सभासद तेथें धाडावे अशी आमची सूचना आहे.

यापुढचें पाऊल म्हणजे वीज आपणच निर्माण करणें. सूर्य कोणा कंपनीच्या मालकीचा नाहीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें सुरू केलेल्या योजनेंत घरावरील तीन किलोवॅटच्या सौर संचास ७८,००० रुपयांपर्यंत, व गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठीं किलोवॅटमागें १८,००० रुपये साहाय्य ठरविलें. हें साहाय्य मिळण्यास पॅनेल देशी बनावटीचें असावें लागतें, ही अट आम्हांस विशेष मानवते. खांदा कॉलनींतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्या उन्हांत रिकाम्या तापत आहेत. जिन्यांतले दिवे, उद्वाहक व पाण्याचे पंप यांपुरती वीज त्यांवरून सहज निघेल. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांतील मान्याचीवाडी हें लहानसें गांव २०२४ सालीं राज्यांतील पहिलें सौरग्राम झालें. मग पनवेलसारख्या सधन गांवानें मागें कां राहावें?

ज्यांच्याकडे उपकेंद्राजवळ वरकस जमीन आहे त्यांनीं सौर कृषि वाहिनी योजनेचा विचार करावा. तींत हेक्टरीं वर्षास १,२५,००० रुपये भाडें व त्यावर दरसाल ३ टक्के वाढ असा दर ठरविला गेला आहे. मात्र जमीन भाड्यानें द्यावी, विकूं नये. करारनामा स्वतः वाचून, मुदत संपल्यावर जमीन मोकळी करून मिळण्याची अट पाहून मगच सही करावी. एकदां गेलेली जमीन पुन्हां येत नाहीं हें ९५ गांवांस निराळें सांगावयास नको.

कोणी विक्रेता स्वस्त दराचें पत्रक घेऊन दारीं आला तर त्यास आदरानें बसवावें, पाणी द्यावें, आणि तीनच प्रश्न विचारावे. तुझा मालक कोण, व उद्यां तो कोण असेल? आमचें गाऱ्हाणें तो कोठें बसून ऐकेल? आणि आमच्या शेतावरच्या पंपापर्यंत त्याची तार येईल काय? तिसऱ्या प्रश्नास नकार आला तर पत्रक परत द्यावें. कारण वसाहतींतला मीटर आणि शिवारांतला मीटर यांची वाट निराळी झाली, तर आज एका घरांत नांदणारीं दोन माणसें उद्यां एकमेकांच्या बिलावर उठतील, आणि तसा दिवस आमच्या तालुक्यानें पाहूं नये अशी आमची इच्छा आहे.